वजन हलकं झालं म्हणून घोड्यावर पैसे लावण्याआधी

महालक्ष्मी असो की पुण्याचा रेसकोर्स, हँडिकॅप रेसमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना बरोबरीला आणणारी रेस) रेटिंगच्या, म्हणजे घोड्याच्या कुवतीच्या गुणांच्या, एका पॉइंटला अर्धा किलो वजन. ६० रेटिंगचा घोडा ५९ किलो घेऊन पळत असेल, तर ५० रेटिंगवाल्याच्या पाठीवर ५४ किलो. म्हणजे हँडिकॅपरने (रेटिंग आणि वजन ठरवणाऱ्याने) दोघांचा हिशेब आधीच चुकता केलाय. ‘रेटिंग जास्त म्हणून हाच’ किंवा ‘वजन कमी म्हणून तोच’, हे दोन्ही तर्क इथे निकामी.

बघायचं ते मागच्या रेसपासून काय बदललं ते. समजा, एक घोडा खालच्या क्लासमध्ये (कमी रेटिंगच्या घोड्यांच्या गटात) ५९ किलो घेऊन जिंकला. रेटिंग ८ पॉइंट वाढलं, आज वरच्या क्लासमध्ये तो ५३ किलोवर पळतोय. रेसबुकात सहा किलोची सूट दिसते आणि पुष्कळ जण तिथेच फसतात. वजन उतरलं ते समोरचे घोडे जास्त रेटिंगचे आहेत म्हणून. खरं तर त्याच्यावर चार किलोंचा बोजा वाढलाय! जिंकताना तो सहज सुटला होता की शेवटच्या शंभर मीटरमध्ये चाबूक खात होता, हे रेसच्या व्हिडिओत नक्की पाहा.

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सूट मात्र खरी सूट. अडीच किलो कमी म्हणजे पाच पॉइंट फुकट, पण पोरगा घोडा सांभाळणारा हवा.

इंडियन डर्बीसारख्या रेसमध्ये वजन रेटिंगवर ठरतच नाही. तिथे जास्त रेटिंगवाल्याला सरळ झुकतं माप द्या.