पेरणीचं नंतर बघू, आधी चराचं तोंड उघडा

बियाणं कुठलं, खत किती, हे सगळं तुमचं ठरलेलं असणार. त्यावर मी आज फार बोलत नाही. उद्या सकाळी फावडं घ्या, शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जा आणि चरातलं, म्हणजे पाणी काढायला खोदलेल्या नालीतलं, पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड उघडं आहे का एवढं बघून या.

पाण्यानं पीक बसलेल्या शेतात मी गेलो की पिकाकडे नंतर बघतो, आधी खालच्या कोपऱ्यात जातो. बहुतेक वेळा तिथंच सापडतं. चर काढलेला असतो, अगदी सरळ, मेहनतीनं काढलेला, पण बांधाजवळ येऊन संपलेला. कुठं गाळ बसलाय, कुठं झुडपं वाढलीत, कुठं बैलगाडी न्यायला म्हणून माती टाकली आणि ती काढायची राहून गेली. आत चर आणि तोंड बंद म्हणजे तुम्ही शेतात एक लांबलचक हौदच बांधून ठेवलाय.

आता पाणी किती असतं ते बघा, कारण डोळ्याला अंदाज येत नाही. 1 मिमी पाऊस म्हणजे एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी. एका रात्रीत 100 मिमी झाला तर एकरावर 4 लाख लिटर. भारी काळी जमीन एकदा भिजली की तासाला साधारण 1 ते 5 मिमीच पाणी पिते, वाळूसर जमीन 30 मिमी आणि त्याहून जास्तही पिते. काळ्या मातीतली चिकणमाती फुगते आणि भेगा मिटतात. त्यामुळे पहिला पाऊस भेगांतून आत जातो, दुसरा तिसरा वरून पळतो. लोक पहिल्या पावसाला पाणी जिरलं म्हणून निवांत होतात आणि तिसऱ्या पावसाला सापडतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता रागच येतो.

जलशास्त्रात एक जुना साधा हिशोब आहे, 1851 पासून वापरात आहे, अजूनही लहान क्षेत्राला चालतो. वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा गुणिले तासाला मिमीमध्ये पावसाचा जोर गुणिले हेक्टर, आणि भागिले 360, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते कळतं. अर्धं पाणी वाहून जातं धरा आणि जोर तासाला 60 मिमी धरा, तर 1 हेक्टरातून सेकंदाला सुमारे 83 लिटर पाणी येतं. आता तुमचा चर मोजा. 1 फूट रुंद, 1 फूट खोल चरातून सेकंदाला अर्धा मीटर वेगानं पाणी गेलं तर 45 लिटर जातं. निम्मंच. 2 फूट रुंद आणि दीड फूट खोल केला तर 135 लिटर, मग काम होतं. बांधात 6 इंची पाइप घालून "केली की सोय" म्हणणाऱ्यांनी तर मनाशी नोंद करावी, त्यातून पाणी सेकंदाला 1 मीटर पळालं तरी 18 लिटर जातं. वरच्या शेताचं पाणी तुमच्यात येत असेल तर ते हेक्टरही तुमच्याच हिशोबात धरा.

म्हणून पाइपपेक्षा उघडं तोंड बरं. गाळ दिसतो आणि काढता येतो.

तुंबल्यावर आत काय होतं? मुळं श्वास घेतात. मातीच्या पोकळीत पाणी भरलं की हवा निघून जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. उन्हाळी ऊब असेल तर एकदोन दिवसांत असलेला ऑक्सिजन संपतो. मग जमिनीतले जंतू नायट्रेट, म्हणजे मुळं घेतात त्या रूपातलं नत्र, फोडतात आणि तुमचं नत्र वायू होऊन उडून जातं. पीक पिवळं पडतं ते यामुळे. भात तगतो कारण त्याच्या खोडात हवेच्या नळ्या असतात, तूर, कापूस, मका, भाजीपाला यांच्याकडे ती सोय नाही. तूर तर फार नाजूक, तिला पाणी साचलं की बुडाला करपा आणि मर दोन्ही वाट बघत असतात.

पेरणीआधी:
- चराचं तोंड आणि बांधाबाहेरचा नाला मोकळा करणे
- रुंद वरंबा सरी, उताराला हलका तिरकस कल
- चरातली माती चराच्या वरच्या अंगाला न टाकणे
- मोटर, स्टार्टर उंचावर
- खत, बियाणं जमिनीपासून वर

आणि हो, तोंड उघडलं म्हणजे माती वाहून जाऊ द्यायची असं नाही. तोंडाशी दगड लावा, पुढच्या पट्ट्यात गवत राहू द्या, जमलं तर पाणी शेततळ्यात वळवा. खालच्या शेजाऱ्याच्या पिकावर सोडू नका, पेरणीआधीच त्याच्याशी बोलून घ्या, पाणी दारात आल्यावर बोलणं होत नाही, भांडण होतं.

पाणी उतरल्यावर:
- चर पुन्हा उकरणे
- वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावर) हलकी कोळपणी
- मोडलेली, सडलेली झाडं काढणे
- साचलेल्या पाण्यात युरिया न फेकणे

पिवळेपणा दिसला की दुकानात जाताच काउंटरवर एखादी चमकदार बाटली पुढे येते, टॉनिक म्हणा, ताण कमी करणारं म्हणा. मुळाला हवा नसताना पानावर काय ओतणार? आधी पाणी काढा. वाफसा आला की 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, फवारा. कापूस अचानक माना टाकायला लागला तर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, झाडाच्या बुडाशी 100 मिली, आणि हे लक्षण दिसल्यापासून एकदोन दिवसांत, आठवड्यानं नाही. पाणी तसंच असेल तर हे औषधही वाया.

माझा एक अंदाज सांगतो, शास्त्र म्हणून नाही. ज्या जागी दरवर्षी लव्हाळा दाट येतो तिथं पाणी मुरून बसतं, चर आधी तिथून काढा. आणि पाय ओढताना मातीला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर उशीर झालाय असं समजा.

"मागच्या वर्षी मोठा पूर आला, आता काही वर्षं येत नाही" हे ऐकून मला धडकी भरते. शंभर वर्षांत एकदा म्हणतात त्या पुराची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते, मागच्या वर्षी आला म्हणून ती कमी होत नाही. 30 वर्षांत तो एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळपास 26 टक्के.

तोंड उघडून झालं की तिथंच एक काठी रोवा. पहिल्या जोरदार पावसानंतर पाण्याच्या उंचीवर चुन्यानं खूण करा, बारा तासांनी दुसरी, चोवीस तासांनी तिसरी. चोवीस तासांनंतरही सरीत पाणी दिसत असेल तर तोंड अजून अरुंद आहे, त्याच दिवशी वीतभर रुंद करा आणि पुढच्या पावसाला परत मोजा.