आधी बिल वाचा, मग गाडी चालवा: गाड्यांचा कार्यक्रम करू पाहणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात अमळनेरहून एक पोरगा भेटायला आला. मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ करतो. म्हणाला, "काका, तुम्ही केला तसा कार्यक्रम करायचाय, सुरुवात कुठून करू?" दोन तास बोललो त्याच्याशी. त्याच्यासारखे आणखीही असतील, म्हणून तेच इथे लिहून काढतोय.

जळगावच्या एका केबल वाहिनीवर मी चौदा वर्षं दर रविवारी गाड्यांचा कार्यक्रम केला. त्याआधी अकरा वर्षं गॅरेजात काढली. त्या अकरा वर्षांवरच पुढची चौदा चालली, म्हणून पहिला सल्ला हाच: कॅमेरा घेण्याआधी निदान सहा महिने एखाद्या गॅरेजात बसा. मिस्त्री बॉनेट उघडल्यावर आधी कुठे हात घालतो, तेलाची कांडी पुसून दोन बोटांत तेल का चोळतो, गिऱ्हाईक गेल्यावर काय बोलतो, हे बघा. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात चार चकरा मारा. बीबीसीच्या 'टॉप गियर'मध्ये १९९० च्या दशकात दिसणारा क्वेंटिन विल्सन आधी जुन्या गाड्यांचाच धंदा करायचा. गिऱ्हाइकाला कुठे गंडवतात हे त्याला आतून ठाऊक होतं, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन होतं. पुढे इंधनावरच्या कराविरुद्ध तो वाहनचालकांच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा लोकांनी त्याचं ऐकलं.

गाडी तपासायची तर आपल्या मातीत तपासा. पुण्याच्या रस्त्यावर घेतलेली चाचणी रावेर-यावलच्या माणसाच्या काय कामाची? मी एसीची परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोनला, भुसावळात घ्यायचो. गाडी तासभर उन्हात उभी करायची, मग पाच माणसं बसवून किती मिनिटांत गारवा येतो ते घड्याळ लावून दाखवायचं. चढासाठी चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट. पावसाळ्यात काळ्या मातीचा शेतरस्ता, कारण आपली निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच येतात. ॲव्हरेज काढायचं तर टाकी काठोकाठ भरा, जळगाव ते धुळे जाऊन या, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा भरा आणि भागाकार लोकांसमोर करा. डॅशबोर्डवरचा आकडा सांगून मोकळं होऊ नका.

आता बिलाकडे येतो. माझा कार्यक्रम लोकांनी लक्षात ठेवला तो बिलांमुळे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर पारोळ्याच्या एका ताईंनी स्कूटर घेतली होती. पेढे घेऊन आल्या. मी म्हटलं, ताई, पेढे नंतर, बिल दाखवा. त्यांच्याकडे बिल नव्हतंच, पेनाने लिहिलेलं एक कोटेशन होतं. एक्स-शोरूम, विमा, आरटीओ, ॲक्सेसरीज, हँडलिंग, हेल्मेट, एकाखाली एक आकडे. कॅमेरा सरळ त्या कागदावर लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत विचारलं: हे कशाचे? हँडलिंग चार्जेस म्हणजे काय, ते ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो, त्याचे वेगळे पैसे घ्यायचं कारण नाही. दुचाकीसोबत आयएसआय हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे, तेही विकत घ्यायला लावलेलं. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणालाही करता येत नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) १ सप्टेंबर २०१८ पासून लागतो, पण तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवणार.

मग खाली बसलो आणि टायर दाखवला. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ताईंच्या 'नव्या' स्कूटरचा टायर चौदा महिन्यांचा निघाला. स्कूटर किती दिवस गोदामात पडून होती, हा प्रश्न आपोआप आला. ताईंना पक्कं बिल मागायला लावलं. ते हातात आलं तेव्हा हँडलिंगची ओळ त्यात नव्हती, आणि घेतलेले पैसे आठवड्याभरात परत मिळाले.

असं एक बिल सावकाश वाचून दाखवा, शंभर लोक आपापली बिलं कपाटातून काढतात.

पेट्रोल पंपावरही हेच. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार. कार्यक्रमात एकदा करून दाखवा, पण मापाचा शिक्का चालू मुदतीचा आहे का ते आधी पाहा. हे न पाहता मी एका पंपाबद्दल बोललो होतो. माप माझं चुकीचं होतं. पुढच्या रविवारी सुरुवातीलाच, कार्यक्रमाच्या सगळ्यात चांगल्या वेळेला, चूक कबूल केली. तुमच्याकडून चूक झाली तर दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या आवाजात करा.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार आणि काम लिहितात तो कागद. हा भाग दोनदा वाचा.

दहा-बारा वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी आला. कापूस, भाजी वाहायला पिकअप घेतलेली, धुळ्याहून. चढावर इंजिन तापायचं. म्हणाला, "भाऊ, तीन डाव लई गऊ, तरी तसंच शे." म्हणजे तीनदा नेली, तरी तसंच आहे. तिन्ही वेळची जॉब कार्डं मागितली. त्याने पिशवीतून काढून दिली, हळदीचे डाग पडलेली. तिन्हींवर एकच शब्द: जनरल चेकअप. म्हणजे कागदावर त्या गाडीला कधी काही झालंच नव्हतं! तो तीनदा तोंडी सांगून आला आणि काउंटरवरच्या माणसाने तीनदा स्वतःला सोयीचं लिहिलं.

चौथ्या वेळी मी सोबत गेलो. तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायला लावली: भरलेली गाडी चढावर दोन किलोमीटर गेली की तापमानाचा काटा लाल रेषेवर जातो. खाली किलोमीटर, तारीख, सही. मीटरचा फोटो काढला, कार्डाची प्रत घेतली. गाडी परत देताना 'काय काम केलं' तेही लिहून घेतलं. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस, मग ग्राहक मंच. गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून हा ग्राहकच नाही, असं समोरून येणार हे माहीत होतं, म्हणून अर्जात आधीच लिहिलं की गाडी तो स्वतः चालवतो आणि त्याच्या घराचं पोट तिच्यावर आहे. कायद्यात स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला ही सवलत आहे. दुसऱ्या तारखेलाच समोरचे तडजोडीला आले. रेडिएटर आणि सिलिंडर हेड बदलून मिळालं, वॉरंटी वर्षभर वाढली.

तेव्हा त्याला प्रत्येक तारखेला धुळ्याला जावं लागलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, ग्राहक मंचाला आता ग्राहक आयोग म्हणतात, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, घरबसल्या ऑनलाइनही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती 'बघू, करू' म्हणण्यातच निघून जाते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला लावा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. प्रत्येक भागाच्या शेवटी हा नंबर मोठ्या अक्षरांत दाखवा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा लोकांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. आज आहे, पण खेड्यापाड्यांत अजून कुणी सांगितलेलं नाही. ते सांगणं हे तुमचं काम.

पैशाचं बोलतो, कारण त्या पोराने शेवटी तेच विचारलं. शोरूमची जाहिरात घेऊ का? मी घेतली नाही. बॅटरीवाले, खतवाले, कपड्याची दुकानं यांच्या जाहिरातींवर कार्यक्रम चालला, ओढाताणीत चालला, पण चालला. ज्याच्या गाडीची परीक्षा घ्यायची त्याच्याकडून डिझेलसुद्धा भरून घेऊ नका. आणि कधी काही घेतलंच, गाडी, पैसे, हॉटेलातला मुक्काम, तर ते व्हिडिओतच स्पष्ट सांगा. आता तो नियमच आहे. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि ती जाहिरात करणाऱ्याला वर्षभर जाहिराती करायला बंदीही घालू शकतं.

कुणाचं नाव घ्यायचं असेल तर कागद हातात असल्याशिवाय घेऊ नका. समोरच्याला बोलायची संधी द्या, फोन नाही, लेखी, आणि त्याने दिलेलं उत्तर पूर्ण वाचून दाखवा. बदनामीच्या फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी बोललात हेही दाखवावं लागतं. 'चोर', 'लुटारू' हे शब्द मी चौदा वर्षांत वापरले नाहीत. बिलावरचा आकडा दाखवला की लोकांना कळतं.

निघताना त्या पोराला एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखून दिले: तारीख, गाव, गाडी, किलोमीटर, तक्रार त्याच्या शब्दांत, कागद कोणते आहेत, नोटीस कधी गेली. शेवटचा रकाना रुंद ठेवला, 'तीन महिन्यांनी फोन केला, काय झालं' यासाठी. माझ्याकडे अशा एकोणीस वह्या आहेत. त्यातल्या ज्या ओळींचा शेवटचा रकाना रिकामा आहे, त्यांना मी अजून अधूनमधून फोन करतो.