संडासला रक्त पडलं तर आधी काय बघायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण चार महिने हे दुखणं लपवून बसलेला माणूस आहे त्यामुळे काय करू नये ते मला पाठ झालंय. सकाळी ऑफिसची घाई, बसून उठलो, सहज खाली बघितलं तर पांढऱ्या पॅनवर लालभडक थेंब. पोटात गोळाच आला. आणि मी काय केलं तर दोन बादल्या पाणी ओतलं, पॅन ब्रशने घासलं आणि बायकोला काही न बोलता डबा घेऊन निघालो.

ही पहिली चूक. पाणी ओतायच्या आधी नीट बघा. किळस वाटेल, वाटू दे. नंतर डॉक्टरनी मला विचारलं की रक्त शीमध्ये मिसळलेलं होतं का वरून लागलेलं, का सगळं झाल्यावर थेंब थेंब पडलं, तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला तरी चालतो, डॉक्टर लोकांना त्याचं काही वाटत नाही.

रंगावरून बरंच कळतं. लालभडक ताजं रक्त म्हणजे बहुतेक वेळा खालच्या टोकाजवळून आलेलं. शी करताना काचेने चिरल्यासारखं दुखतंय आणि नंतरही तासभर आग होतेय, शीवर रक्ताची एक रेघ, तर फिशर असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कडक शीमुळे तिथे पडलेली चीर. दुखत काहीच नाही पण शेवटी रक्ताचे थेंब किंवा पिचकारी, कधी हाताला मऊ कोंब लागतो, तर मूळव्याध, आपल्याकडे मोड आलेत म्हणतात ते. मरून किंवा काळपट लाल, शीमध्ये कालवल्यासारखं रक्त असेल तर ते आणखी वरून येतंय असं धरायचं. आणि डांबरासारखी काळी, चिकट, भयंकर वासाची शी म्हणजे बऱ्याचदा जठरातला किंवा त्याच्या लगेच पुढच्या भागातला अल्सर वाहतोय. लाल रंग दिसत नाही म्हणून लोक याच्याकडे लक्ष देत नाहीत, खरं तर घाबरायचं ते इथे.

आता आयर्नच्या गोळ्या चालू असतील तरी शी काळी होते, आणि काल बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल तर आज लाल दिसू शकतं, म्हणून आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं ते आठवा. पण आठवत नसेल तर "बीटच असेल" असं स्वतःला पटवत बसू नका.

कधी थांबायचंच नाही ते सांगतो. रक्त थांबतच नाहीये किंवा गुठळ्या पडतायत, उभं राहिलं की डोळ्यासमोर अंधारी, दरदरून घाम, छातीत धडधड, ती डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, किंवा रक्तासोबत पोटात प्रचंड दुखतंय, ताप आहे, यातलं एक जरी असलं तरी रात्रीचे २ वाजलेले असोत, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. स्वतः बाईक चालवत जायचं नाही, रस्त्यात चक्कर आली तर काय करणार. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हार्टच्या ॲंजिओप्लास्टीनंतर असतात तशा, तर त्या माणसाने थोडं रक्त दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही कारण मग तिकडे हार्टचा घोळ होतो. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा, अल्सर तिथूनच होतो बऱ्याच जणांना.

बाकीच्यांनी रात्रभर गुगल करत जागायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात दाखवायचं. विशेषतः वय ४५ च्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, वजन आपोआप उतरतंय, रोजची सवय बदललीये म्हणजे कधी जुलाब कधी खडा, जाऊन आल्यावर पण साफ झाल्यासारखं वाटत नाही, किंवा हिमोग्लोबिन कमी निघालंय आणि कारण सापडत नाही, तर "मूळव्याधच आहे" हे वाक्य स्वतः म्हणायचं नाही, ते तपासल्यावर डॉक्टरने म्हणायचं. तरुण आहे म्हणून काही नसेल असंही नाही. मूळव्याध आणि दुसरं काहीतरी दोन्ही एकाच माणसाला असू शकतं, आमच्या नात्यातले एक काका वर्षभर मलम लावत राहिले आणि गाठ होती वर. आव आणि रक्त दोन्ही पडत असेल, जुलाब आठवडाभर थांबत नसतील तर ते पण वेगळं प्रकरण, त्याला स्टूल टेस्ट लागते.

दाखवायचं कुणाला? आधी आपल्या फॅमिली डॉक्टरला, मग गरज पडली तर ते जनरल सर्जनकडे किंवा पोटाच्या स्पेशालिस्टकडे पाठवतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेलं "एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध मुळापासून बरी" वाचून कुठल्या गल्लीत जाऊ नका बाबांनो. आयुर्वेदाचं करायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा, पण निदान आधी.

लाज तपासणीची वाटते, मला पण तीच होती. तर प्रत्यक्षात काय होतं, पडदा ओढतात, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, वरून बघतात, मग ग्लोव्हजला जेली लावून बोट घालून बघतात, कधी छोटी नळी. दोन मिनिटं पण लागत नाहीत. मला चीर ताजी होती आणि फार दुखत होतं म्हणून डॉक्टरनी नुसतं बघूनच सांगितलं फिशर आहे. चार महिने ज्यासाठी घालवले ते एवढंच.

घरी करायचं ते साधंय. टबात किंवा मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटं बसायचं, दिवसातून दोन तीनदा, शी झाल्यावर तर नक्कीच. इसबगोल घेतलं तर वर ग्लासभर पाणी प्यायचंच, नाहीतर उलट आणखी घट्ट होतं. कुंथायचं नाही. मोबाईल बाहेर ठेवून जायचं, हे माझ्या बायकोने अजून सोडलेलं नाही, रोज दारातच हात पुढे करते. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब महिनोन्महिने लावू नका, काहींत स्टेरॉइड असतं आणि तिथली कातडी पातळ होते. एवढं करून दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर परत जायचं.

आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, लिहून दिली तर आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यात घालून प्यायला देतात. त्या दिवशी सुट्टी टाका आणि घरातल्यांना सांगून ठेवा की आज संडास माझा.