पायथॉनमध्ये बाइट्सचे अक्षरांत आणि अक्षरांचे बाइट्समध्ये रूपांतर कसे करावे

२००८ साली आलेल्या पायथॉन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीने मजकुरासाठी स्ट्रिंग आणि कच्च्या डेटासाठी बाइट्स (० ते २५५ मधील संख्यांची मालिका) असे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. त्यामुळे या दोहोंना अधिक चिन्हाने जोडू पाहिल्यास टाइपएरर, म्हणजे प्रकार न जुळल्याची चूक, येतो. (पुढे आलेली फंक्शनांची नावे प्रोग्रॅममध्ये अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.)

प्रथम हाती आलेला डेटा कोणत्या प्रकारचा आहे, हे टाइप फंक्शनने पाहावे. तो छापल्यावर अवतरणचिन्हाआधी लहान 'बी' दिसला, तर ते बाइट्स आहेत.

स्ट्रिंगचे बाइट्स करण्यासाठी तिच्यावर एन्कोड ही मेथड चालवावी आणि कंसात यूटीएफ-८ हे एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरांचे बाइट्स करण्याच्या पद्धतीचे, नाव द्यावे. 'मराठी' या शब्दाची लांबी लेन फंक्शनने मोजल्यास ५ येते, कारण काना आणि वेलांटीही स्वतंत्र मोजली जातात. एन्कोड केल्यावर मात्र ती १५ होते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेते: युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीत 'म' चा क्रमांक २३५०, तर त्याचे बाइट्स २२४, १६४ आणि १७४.

उलट दिशेने जाताना बाइट्सवर डिकोड ही मेथड चालवावी. येथे एक चूक फार वेळा होते: डिकोडऐवजी एसटीआर फंक्शनला नुसते बाइट्स दिले, तर कोणतीही एरर न येता 'बी' आणि अवतरणचिन्हांसकटचा मजकूर तयार होतो व तसाच पुढे फाइलमध्ये जाऊन बसतो.

डिकोड करताना युनिकोडडिकोडएरर आल्यास बहुधा एन्कोडिंगचे नाव चुकलेले असते किंवा डेटा अपुरा असतो. अशा वेळी 'इग्नोर' हा पर्याय देऊन एरर गप्प करण्याचा मोह टाळावा, कारण न जुळणारे बाइट्स त्यात कायमचे गळून पडतात. 'रिप्लेस' दिल्यास निदान बिघडलेल्या जागी खुणेचे चिन्ह उरते. लॅटिन-१ हे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे एन्कोडिंग तर त्याहून फसवे आहे. ते कोणतेही बाइट्स विनातक्रार स्वीकारते आणि मराठीऐवजी अनोळखी चिन्हांची रांग हाती देते.

डेटा तुकड्यातुकड्याने येत असेल, तर विशेष जपावे. १०२४ बाइट्सचा तुकडा एखाद्या अक्षराच्या तीन बाइट्सच्या मधोमध तुटू शकतो, आणि मग डेटा पूर्णपणे निर्दोष असूनही डिकोड अडखळते. सर्व तुकडे आधी जोडून मग एकदाच डिकोड करावे. ते शक्य नसल्यास कोडेक्स मॉड्यूलमधील इन्क्रिमेंटल डिकोडर वापरावा, जो अर्धवट उरलेले बाइट्स पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो.

मजकुराची फाइल उघडताना ओपन फंक्शनला एन्कोडिंग स्पष्ट सांगावे. डिकोड मेथड काही न सांगता यूटीएफ-८ धरते, परंतु ओपन अनेक आवृत्त्यांत संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून राहते, आणि त्यामुळे एका यंत्रावर नीट चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर बिघडतो.