कॅम्परच्या मागे दुसरा ट्रेलर जोडण्याआधी

अमेरिकेत पिकअपला फिफ्थ-व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा, राहायची सोय असलेला ट्रेलर) आणि त्याच्या मागे बोटीचा ट्रेलर जोडायचा असेल, तर आधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम बघा. मिशिगनमध्ये त्यासाठी लायसन्सवर 'आर' शेरा लागतो, वॉशिंग्टन राज्यात परवानगीच नाही.

खरी मेख मात्र वजनात आहे. कॅम्परच्या मागच्या हिचवर, म्हणजे दुसरा ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, भार पडला की कॅम्परची चाकं टेकू होतात आणि पुढची पिन, म्हणजे कॅम्पर पिकअपला जोडणारा खुंटा, उचलली जाते, अगदी सी-सॉसारखी. चाकांपासून पिन 24 फूट आणि मागचा हिच 12 फूट असेल, तर हिचवरचे 300 पौंड पिनवरचे 150 पौंड कमी करतात. शिवाय खड्ड्यात कॅम्परची शेपटी जोरात आपटते. म्हणून हिच थेट मुख्य चासीला वेल्ड केलेला हवा. बंपरला तर मुळीच जोडू नका! कॅम्परच्या कंपनीने मागे ओढायला मुभा दिली आहे का, तेही मॅन्युअलमध्ये वाचा.

सगळं जोडून, सामान-पाणी भरून ट्रकस्टॉपच्या काट्यावर वजन करा. आणि रिव्हर्सची वेळ येऊ देऊ नका, दुसरा ट्रेलर क्षणात आडवा होतो. पेट्रोल पंपावर वळण्याआधी बाहेर पडायची वाट दिसते ना, ते पाहूनच आत शिरा.