मोठ्या मायनस नंबरासाठी चष्मा, लेन्स की शस्त्रक्रिया: निवड कशी करावी

उणे 6 किंवा त्याहून मोठा नंबर असलेला डोळा बहुधा मागच्या बाजूस लांबलेला असतो आणि त्यामुळे त्याचा मागचा पडदा (रेटिना) ताणून पातळ झालेला असतो. म्हणून सर्वप्रथम बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी.

चष्मा सर्वांत निर्धोक. 1.67 किंवा 1.74 अपवर्तनांकाची (प्रकाश अधिक वाकवणारी) काच आणि लहान फ्रेम घेतल्यास कडा पातळ होतात. तरीही वस्तू लहान दिसतात. नाकावरून घसरलेल्या चष्म्याचा परिणाम कमी होतो, त्यामुळे तो नीट बसवून घेणे मोठ्या नंबरात फार महत्त्वाचे आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे वस्तू अधिक मोठ्या व स्पष्ट दिसतात. मात्र चष्म्याचा नंबर उणे 10 असल्यास लेन्सचा साधारण उणे 9 निघतो. तेव्हा चष्म्याच्या नंबरावरून लेन्स मागवू नये. लेन्सला नळाचे पाणी लागू देऊ नये व ती घालून झोपू नये.

शस्त्रक्रियेचा विचार नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्यावरच करावा. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत दर नंबरामागे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, सुमारे 12 ते 15 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर काढला जातो. कॉर्निया 490 मायक्रॉनचा आणि नंबर 10 असेल, तर लेझरपूर्वी उचलली जाणारी वरची चकती (फ्लॅप) 110 आणि काढलेला थर 140 धरून खाली 240 उरतात. सर्वसाधारण मर्यादा किमान 250 ची आहे. हा हिशेब डॉक्टरांकडून स्वतःच्या आकड्यांसह मांडून घ्यावा, आणि जागा काठावर असेल तर लेझरचा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, अधिक योग्य ठरते. बाहुलीभोवतीच्या रंगीत भागामागे (आयरिस), नैसर्गिक भिंगासमोर बसवलेली ही लेन्स पुढे गरज पडल्यास काढता येते. परंतु त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली आणि कॉर्नियाच्या आतील पेशींची पुरेशी संख्या लागते, शिवाय मोतीबिंदू किंवा डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका राहतो. तरुण वयात नैसर्गिक भिंगच बदलणे मात्र टाळावे, कारण जवळचे दिसण्याची क्षमता जाते आणि पडदा सुटण्याची शक्यता वाढते.

कोणत्याही उपायाने डोळ्याची लांबी कमी होत नाही. नंबर शून्य झाल्यावरही पडद्याची तपासणी नियमितपणे चालू ठेवावी आणि अचानक प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा सडा किंवा पडदा ओढल्यासारखी सावली दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.