पिना कोलाडात दूध ओतू नका: बेटांवरच्या कॉकटेलमधल्या या चुका टाळा

कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या क्रूझ जहाजावर नऊ वर्षं बार सांभाळला. आता वेंगुर्ल्यात घरी असतो. मे महिन्यात भाचेमंडळी येतात, "काका, आज मोहितो (रम, पुदिना, लिंबू, साखर आणि सोड्याचं कॉकटेल) करू या" म्हणतात आणि दोन मिनिटांत कोणीतरी खलबत्ता शोधायला लागतं.

पुदिना कुटायचा नाही. चटणी करतोय का आपण? पानं चिंधड्या होईपर्यंत ठेचली की कडवट हिरवा रस उतरतो, वर कण दातांत अडकतात ते वेगळंच. मी सात-आठ पानं एका तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी देतो. मग ग्लासात लिंबू-साखरेबरोबर लाटण्याच्या टोकाने तीन-चार वेळा हलकं दाबतो. बस. वास नाकाशी आला की थांबायचं. क्युबातला पुदिना वेगळ्या जातीचा, बराच सौम्य. त्यामुळे तिकडची मूठभर जुडी बघून इकडे मूठ भरू नये. सोडा सगळ्यात शेवटी, ग्लासातच. शेकरमध्ये सोडा घालून हलवणाऱ्या एका भाच्याने आमच्या छताला डाग पाडलाय, तो अजून आहे.

आता पिना कोलाडा, म्हणजे रम, अननस आणि नारळाच्या क्रीमचं कॉकटेल. चुलतभावाच्या मुलीची हळद होती, आदल्या रात्री गच्चीवर वीसेक माणसं. तिचा पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, कोलाडा मी करतो. नारळाचं क्रीम मिळालं नाही, तर "दूधही पांढरंच असतं ना" म्हणत पठ्ठ्याने लिटरभर म्हशीचं दूध, ताजा अननस आणि अख्खी बाटली रम मिक्सरमधून काढली. सहा वाजता जग भरून फ्रिजमध्ये. आठ वाजता बाहेर काढला तर वर चोथा, खाली पिवळट पाणी आणि चव कारल्याची! ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडू होतं. शिवाय आंबटपणाने फाटतं ते आहेच. बाटली मोरीत गेली.

सव्वाआठला मी खवणीवर बसलो. एका नारळाचं खोबरं, अर्धी वाटी कोमट पाणी, मिक्सर, मग फडक्यातून घट्ट पिळायचं. ते पहिलं दाट दूधच घ्यायचं, त्यात चांगली साखर विरघळवायची, कारण मूळ पेयातलं डब्याचं क्रीम गोडच असतं. प्वेर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआन, तिथल्या एका हॉटेलात 1954 मध्ये हे पेय जन्मलं असं सांगतात (गावातलं दुसरं एक रेस्टॉरंटही हक्क सांगतं) आणि 1978 मध्ये प्वेर्तो रिकोने ते आपलं अधिकृत पेय ठरवलं. माप सोपं: पांढरी रम 50 मिली, अननसाचा रस 50, नारळाचं दूध 30, भरपूर बर्फ. करायचं आणि लगेच प्यायचं, फ्रिजात ठेवायचं नाही. शहाळ्याचं पाणी घालणारेही भेटतात. त्यांनी शहाळं नुसतंच प्यावं.

बाटलीतला लिंबाचा रस नको. आपलं कागदी लिंबू आणि अमेरिकेतलं 'की लाइम' एकाच जातीचं, इतकी चांगली वस्तू दारात असताना बाटली कशाला उघडायची?

साखरेचा पाक एकतारी करू नये, बर्फावर पडला की गोळा होतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळली की गॅस बंद.

माय ताय या रमच्या कॉकटेलमध्ये हल्ली अननसाचा रस घालून देतात, तो 1944 च्या मूळ कृतीत नाही. त्यात बदामाचं सरबत असतं. आता कोण ऐकतंय!

मापाच्या पेल्याची लाज वाटणारे लोक डाइकिरी हमखास बिघडवतात. रम 60 मिली, लिंबाचा रस 20 मिली, दोन चमचे बारीक साखर, एवढ्या तीनच जिन्नसांत अंदाजपंचे चालत नाही. शेकर बाहेरून पांढरा होईपर्यंत हलवा.

आणि बर्फ. आमच्याकडे फ्रीजरमध्ये सुरमई असते. झाकण नसलेल्या ट्रेमधला बर्फ वापरून गेल्या मे महिन्यात एकाने डाइकिरी केली. प्यायलो मी, पाहुणा होता म्हणून. संध्याकाळभर सुरमईचेच ढेकर येत होते.